पवनचक्की कोणाची? साम्सो बेटाचं प्रकरण

१९९७ साली डेन्मार्कच्या साम्सो बेटावर चार हजारांच्या आसपास माणसं राहत होती आणि त्यांतल्या बहुतेकांचं हवामान करार-बिराराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची काळजी वेगळीच होती. बेटावरचा कत्तलखाना बंद पडत होता, त्यात सुमारे शंभर नोकऱ्या जाणार होत्या, आणि तरुण पोरं एकदा शिकायला मुख्य भूमीवर गेली की परत यायचं नाव घेत नव्हती. वीज समुद्राखालच्या केबलमधून यायची, ती मुख्यतः कोळशावर बनलेली, आणि घरं गरम ठेवायला लागणारं तेल बोटीने यायचं. ऊर्जा हा विषय म्हणजे महिन्याचं बिल, त्यापलीकडे कुणी त्याचा विचार करत नव्हतं.

दहाएक वर्षांत हेच बेट वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरतं त्याहून जास्त ऊर्जा वाऱ्यातून, गव्हाच्या काडातून, लाकडाच्या तुकड्यांतून आणि उन्हातून तयार करायला लागलं. तेही शेतीवर जगणाऱ्या, अगदी साध्या आणि थोड्या जुन्या वळणाच्या लोकांनी. शाश्वत विकासाचं धोरण जागतिक करारापासून गावापर्यंत कसं पोचतं यावर बोलताना मला हे प्रकरण पुन्हा पुन्हा आठवतं, कारण यात कुठे जमलं हे तर दिसतंच पण कुठे नाही जमलं हेही स्पष्ट दिसतं, आणि माझ्या मते शिकण्यासारखं जास्त त्या दुसऱ्या भागात आहे.

आधी वरची बाजू बघू. १९८७ च्या, संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची व्याख्या सगळ्यांच्या तोंडी बसवली, म्हणजे आजच्या गरजा भागवा पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील एवढं शिल्लक ठेवा. १९९२ ला रिओमध्ये परिषद झाली, त्यात हवामान बदलाचा मूळ करार सह्यांसाठी खुला झाला आणि अजेंडा २१ नावाचा भलामोठा कार्यक्रमही मंजूर झाला. या अजेंडा २१ मध्ये २८ वं प्रकरण स्थानिक संस्थांवर आहे, त्यात म्हटलंय की यातले कितीतरी प्रश्न आणि त्यांची उत्तरं स्थानिक पातळीवरच आहेत, म्हणून १९९६ पर्यंत बहुतेक स्थानिक संस्थांनी आपल्या लोकांशी बोलून आपापला स्थानिक अजेंडा ठरवावा. बंधन काही नाही, नुसतं आवाहन. मग डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये क्योटोची हवामान परिषद. तिथे पहिल्यांदा श्रीमंत देशांवर हरितगृह वायूंचं उत्सर्जन किती कमी करायचं याचे आकडे बसले, युरोपियन युनियनने मिळून ८ टक्के कपात मान्य केली आणि पुढे आपसातल्या वाटणीत डेन्मार्कच्या वाट्याला १९९० च्या तुलनेत २१ टक्के कपात आली, २००८ ते २०१२ या काळासाठी. क्योटो करार प्रत्यक्ष लागू व्हायला मात्र १६ फेब्रुवारी २००५ उजाडावं लागलं. तोपर्यंत साम्सोचं बरंचसं काम उरकलेलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं, कारण आपण नेहमी असं धरून चालतो की आधी करार पक्का होतो आणि मग खाली काम सुरू होतं.

मधल्या पायरीवर डेन्मार्क सरकार होतं. त्या देशाला १९७३ च्या तेलसंकटाने चांगलाच धडा दिलेला, तेव्हा त्यांची जवळपास सगळी ऊर्जा आयात केलेल्या तेलावर चालायची. नंतर ते कोळशाकडे वळले, १९८५ ला संसदेने अणुऊर्जा नको असं ठरवलं, आणि शेजारपाजारच्यांनी मिळून एखादी पवनचक्की घ्यायची ही पद्धत तिथे आधीपासून रुजत गेलेली. म्हणजे जमीन अगदीच कोरडी नव्हती. १९९७ ला, क्योटोची बैठक समोर दिसत असताना, ऊर्जामंत्री स्वेन्ड आउकेन यांच्या खात्याने एक स्पर्धा जाहीर केली: बाजारात आज जे तंत्रज्ञान मिळतंय तेच वापरून दहा वर्षांत स्वतःच्या ऊर्जेची सगळी गरज अक्षय स्रोतांतून भागवेल असं एखादं बेट किंवा भाग कोणता, त्याने आपला आराखडा द्यावा. नवे शोध नकोत, प्रयोगशाळा नकोत, आहे त्यातच करून दाखवायचं. आणि आराखड्यात स्थानिक लोकांचा सहभाग कसा असणार हे लिहिणं भाग होतं.

साम्सोसह पाच जागांचे अर्ज आले आणि साम्सो जिंकलं. पण तो आराखडा लिहिणारा इंजिनियर बेटावर राहणारा नव्हता. त्याने स्थानिक पालिकेशी बोलून कागद केला, पाठवला आणि तो निवडला गेला. बक्षीस म्हणून मोठी रक्कम नव्हती, बेटासाठी खास करसवलत नव्हती, नेहमीच्या सरकारी योजना सगळ्यांना जशा लागू तशाच यांनाही. बेटावरच्या लोकांना एक दिवस कळलं की आपण काहीतरी जिंकलोय, आणि कुणाला त्याचं काय करायचं ते कळेना.

मला वाटतं जगभरातली अर्धी धोरणं याच टप्प्यावर मरतात. वर आकडा ठरलेला असतो, मध्ये कागद उत्तम झालेला असतो, आणि खाली ज्यांनी करायचंय त्यांच्यासाठी ती दुसऱ्या कुणाची तरी बातमी असते.

साम्सोला हा टप्पा पार करायला एक माणूस मिळाला, सोरेन हेरमान्सेन. बेटावरच जन्मलेला, शेतकरी घरातला, पर्यावरण विषय शिकवणारा. प्रकल्पाचा पहिला कर्मचारी म्हणून त्याला नेमलं. त्याने काय केलं तर गावातली कुठलीही बैठक असो, कुठलाही विषय असो, तिथे जाऊन बसायचं आणि ऊर्जेचा मुद्दा काढायचा, कधी सोबत बिअर न्यायची. सुरुवातीला फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली की या बेटावर नवीन काही पहिल्यांदा करायला कुणी पुढे येत नाही, पण ज्याच्या शब्दाला गावात मान आहे असा एखादा तयार झाला की बाकीचे मागोमाग येतात, कारण मग मागे राहणं जड जातं. त्याने मग सगळ्यांना पटवायचं सोडून अशी मोजकी माणसं धरली. गंमत म्हणजे बोलण्यात हवामान कमी आणि पैसा, काम, बेटाचं भवितव्य हे जास्त. कत्तलखाना गेलाय, मग आता प्लंबरला काम कुठून मिळणार, शेतातलं काड विकलं जाईल का, हे प्रश्न. काहींना यात ढोंग वाटतं, की मूळ हेतू लपवून लोकांना फायद्याचं गाजर दाखवलं. मला तसं अजिबात वाटत नाही, माणसाला त्याच्या स्वतःच्या काळजीपासून सुरुवात करू देणं हा त्याचा मान राखणं आहे.

चक्क्या आणि मालकी

पहिलं मोठं काम जमिनीवरच्या पवनचक्क्यांचं. प्रत्येकी १ मेगावॉटच्या ११ चक्क्या २००० साली उभ्या राहिल्या, तीन ठिकाणी गट करून. एवढ्या विजेत बेटाची वर्षभराची विजेची गरज भागते. आता पवनचक्की म्हटली की तक्रारी ठरलेल्या, दिसायला वाईट, आवाज येतो, पात्यांची सावली फिरते, आणि या तक्रारी खोट्या नसतात. साम्सोवरही कुठे उभ्या करायच्या यावर भरपूर बोलणं झालं. पण इथे निर्णायक ठरला तो प्रश्न मालकीचा. ११ पैकी ९ चक्क्या शेतकऱ्यांनी स्वतः कर्ज काढून घेतल्या आणि २ सहकारी तत्त्वावर, ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा एवढं कर्ज झेपत नाही अशा शेकडो लोकांनी लहान लहान शेअर घेऊन. म्हणजे ज्याला सकाळी खिडकीतून चक्की दिसते त्याच्या खिशात तिचा थोडातरी वाटा आहे. वारा सुटला की तो कुरकुर करत नाही, आज चांगली वीज होतेय म्हणून बरं वाटतं त्याला. त्याच उंचीची, तेवढाच आवाज करणारी चक्की दुसऱ्या कुठल्या शहरातल्या कंपनीने उभी केली असती तर तोच माणूस विरोधाच्या अर्जावर सही करत असता, असं मला खात्रीने वाटतं.

पण हे एकट्या गावाच्या एकीने झालं असं म्हणणं चुकीचं होईल, आणि अशा प्रकरणांच्या गोडगोड गोष्टींत हा भाग नेहमी गाळला जातो. शेतकऱ्याने चक्कीसाठी कर्ज मागितलं आणि बँकेने दिलं, का दिलं? कारण वीज ठरावीक दराने विकत घेतली जाईल याची काही वर्षांची हमी देशाच्या धोरणात होती आणि ती वीज ग्रिडला, म्हणजे देशाच्या वीजजाळ्याला, जोडून घेतली जाणार हे पक्कं होतं. हमी असली की येणारा पैसा आधीच मोजता येतो, हप्ता बसवता येतो, मग बँक अधिकारी आणि शेतकरी एका टेबलावर बसून बोलू शकतात. ही हमी गाव देऊ शकत नाही आणि संयुक्त राष्ट्रंही देऊ शकत नाहीत, ती मधल्या पातळीलाच द्यावी लागते. जागतिक आणि स्थानिक या दोन शब्दांच्या नादात आपण हा मधला मजला विसरतो, आणि पैसा नेमका तिथेच अडतो किंवा सुटतो.

काड, गरम पाणी आणि मेंढ्या

दुसरं काम घरं गरम ठेवण्याचं, आणि मला हे चक्क्यांपेक्षा जास्त आवडतं कारण ते इतकं साधं आहे. थंड देशात घरातली बरीचशी ऊर्जा यावरच जाते. आधी बहुतेक घरी स्वतंत्र तेलाचा बॉयलर. त्याऐवजी काय केलं तर काही गावांसाठी मिळून एकच मोठा बॉयलर आणि तिथून जमिनीखालून घरोघर गरम पाण्याचे पाइप. ट्रानेबियर्गला असा प्लांट स्पर्धेच्या आधीपासूनच होता, मग नॉर्डबी-मोरुप, ओन्सबियर्ग आणि बालेन-ब्रुन्डबी इथे नवीन आले. बालेन-ब्रुन्डबीचा प्लांट काडावर चालतो. गव्हाची कापणी झाली की जे काड शेतात उरतं त्याचे मोठाले गठ्ठे बांधून आणायचे, ते पट्ट्यावर एकामागे एक ठेवायचे, यंत्र गठ्ठा फोडतं, काड मोकळं करतं आणि भट्टीत ढकलतं. भट्टीवर तापलेलं पाणी जाड आवरणाच्या पाइपमधून गावात जातं, घरात ऊब सोडतं आणि गार होऊन दुसऱ्या पाइपने परत येतं. तेलाला जो पैसा बेटाबाहेर जायचा तो आता शेजारच्याच शेतकऱ्याला काडाचे म्हणून मिळतो.

नॉर्डबी-मोरुपला लाकडाच्या तुकड्यांचा बॉयलर आणि सोबत २५०० चौरस मीटर सौर संग्राहक, म्हणजे पाणी तापवणारे पॅनल, मोकळ्या गवताळ जागेत रांगेने मांडलेले. त्यांच्यामधलं गवत वाढलं तर सावली पडते, ते कापायला मशीन फिरवण्यापेक्षा तिथे मेंढ्या सोडल्यात. वर ऊन पाणी तापवतंय, खाली मेंढ्या चरतायत. या सगळ्या प्रकरणातलं हे दृश्य माझ्या डोक्यात कायमचं बसलंय.

इथेही लोकांना एकत्र आणण्याचं गणित सोपं नव्हतं. अशा पाइपच्या जाळ्याला पुरेशी घरं लागतात, घरं विरळ असली तर निम्मी ऊब जमिनीतच जिरते आणि राहिलेल्यांना दर परवडत नाही. म्हणून प्लांट बांधायच्या आधी जे नाव नोंदवतील त्यांना जोडणी अगदी नाममात्र पैशात, नंतर येणाऱ्याला पूर्ण खर्च. प्लांटची मालकीही एकसारखी नाही, एक वीज कंपनीचा, एक स्थानिक व्यावसायिकांचा, एक थेट ग्राहकांच्याच सहकारी संस्थेचा. सगळीकडे एकच साचा लावायचा हट्ट केला नाही, जिथे जे जमलं ते केलं. जी घरं गावापासून लांब, पाइप पोचत नाही, त्यांनी स्वतःचे लाकडी गोळ्यांचे बॉयलर, सौर पॅनल, हीट पंप बसवले, त्यातून बेटावरच्या प्लंबर आणि लोहारकाम करणाऱ्यांना कामं मिळाली. काही वर्षांत बेटावरच्या घरांना लागणारी जवळपास ७० टक्के उष्णता अक्षय स्रोतांतून यायला लागली.

समुद्रातल्या दहा

आता उरली वाहतूक. गाड्या, ट्रॅक्टर, आणि बेट म्हटल्यावर बोटी. १९९७ ते २००७ मध्ये बाजारात मिळणाऱ्या तंत्रज्ञानात याला धड उत्तर नव्हतं. इलेक्ट्रिक गाड्या वापरून पाहिल्या, मोहरीसारख्या रेपसीडच्या तेलावर ट्रॅक्टर चालवून पाहिले, थोडं झालं पण पसरलं नाही. मग ठरलं की वाहतुकीत जेवढं जळतं तेवढ्याची भरपाई करायची. बेटाच्या दक्षिणेला पालुडान्स फ्लाक नावाच्या उथळ समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॉटच्या १० चक्क्या २००३ ला उभ्या राहिल्या, खर्च सुमारे २५ कोटी डॅनिश क्रोनर. चार हजार लोकांच्या बेटासाठी हा आकडा छाती दडपणारा आहे. यातल्या ५ चक्क्या पालिकेने कर्ज काढून स्वतः घेतल्या, ३ खाजगी गुंतवणूकदारांनी आणि २ लहान शेअरधारकांनी मिळून. पालिकेला यातून नफा झाला तर तो ऊर्जेच्याच कामात परत घालायचा, असं तिथल्या कायद्याचं बंधन, त्यामुळे हा पैसा पुढच्या कामांसाठी एक प्रकारचा झरा झाला.

इथे हिशोब नीट समजून घ्यायला हवा. साम्सो ऊर्जेत स्वयंपूर्ण झालं याचा अर्थ बेटावर तेल जळत नाही असा नाही. गाड्या पेट्रोल-डिझेलवरच चालत होत्या. चक्क्यांची जास्तीची वीज केबलने मुख्य भूमीवर जाते, तिथे तेवढा कोळसा कमी जळतो, आणि वर्षाअखेर बेरीज-वजाबाकी केली की साम्सो जमेच्या बाजूला येतं. वारा पडला की त्याच केबलने वीज परत घ्यावी लागते. काही जण याला फसवणूक म्हणतात. मी म्हणत नाही, कारण त्यांनी हा हिशोब उघडपणे मांडला, लपवला नाही. पण सगळ्यांनीच असं केलं तर चालणार नाही हेही खरं, जास्तीची वीज घ्यायला शेजारी कोळसा जाळणारं कुणीतरी असावं लागतं.

आणि आता जे जमलं नाही ते. लोकांचा वीजवापर काही कमी झाला नाही. आराखड्यात बचत हा पहिला मुद्दा होता, घरांना इन्सुलेशन करा, वापर घटवा, पण दहा वर्षांनंतर वापर साधारण जिथे होता तिथेच. गाड्यांचंही तसंच. लोकसंख्याही वाढली नाही, उलट चार हजारांच्या खाली आली. ज्या मुलांसाठी हे सगळं चाललंय असं म्हणत होते त्यांतली बरीच तरीही गेलीच.

मी या दोन याद्या शेजारी ठेवून बघतो तेव्हा एक गोष्ट दिसते. जे एकत्र विकत घेता आलं, ज्यात शेअर काढता आला, ज्याचा पैसा बेटावर राहिला, ते सगळं हललं: चक्क्या, बॉयलर, पाइप. जे प्रत्येकाला आपापल्या घरात एकट्याने करायचं होतं, ज्याची कुठली बैठक होत नाही आणि ज्यात शेजारी पुढे गेला हे दिसत नाही, म्हणजे दिवे बंद करणं, गाडी कमी काढणं, ते जागचं हललं नाही. माणसं तीच, बेट तेच. त्यामुळे लोकांमध्ये जागृती नाही म्हणून धोरण फसलं असं कुणी म्हणालं की मला राग येतो. साम्सोच्या लोकांची जागृती चक्कीच्या वेळी कुठून आली आणि गाडीच्या वेळी कुठे गेली? फरक जागृतीचा नाहीच, हातात काय दिलं याचा आहे.

पुढे डेन्मार्कमध्येच चक्क्या मोठ्या होत गेल्या, महाग होत गेल्या आणि गावकऱ्यांच्या हातून कंपन्यांकडे जायला लागल्या, विरोध वाढला. २००९ पासून तिथल्या कायद्यात आलं की जमिनीवर नवीन चक्की उभारणाऱ्याने किमान २० टक्के शेअर आजूबाजूच्या रहिवाशांना देऊ करावेत. म्हणजे मालकीची जी गोष्ट आधी आपसूक होत होती ती कायद्याने सांगावी लागली. २०२० ला ती तरतूद काढून त्याजागी शेजाऱ्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम देण्यासारख्या दुसऱ्या योजना आणल्या. मला हा बदल पटत नाही. भरपाई घेणारा शेजारी आणि वाटेकरी शेजारी यांत फार अंतर आहे, पहिल्याला पैसे मिळतात पण बैठकीत खुर्ची मिळत नाही.

२०१५ ला पॅरिस करार झाला, त्याच वर्षी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं आणि त्यांखालची १६९ लक्ष्यं मंजूर झाली, सातवं उद्दिष्ट स्वच्छ आणि परवडणाऱ्या ऊर्जेचं. २०२१ ला संयुक्त राष्ट्रांनी साम्सोला हवामान कृतीचा पुरस्कार दिला. २००७ पासून बेटावर बालेनला एनर्जी अकॅडमी नावाचं केंद्र चालू आहे, जगभरातून लोक बघायला येतात, आणि आपल्याकडे हेच कसं उचलून नेता येईल असं विचारतात. चक्क्या उचलून नेता येतील. काड नाही नेता येणार, जिथे काड गुरांना लागतं तिथे ते जाळणं पाप ठरेल. दराची हमी नसेल तर कर्ज नाही. न्यायचं असेल तर तो प्रश्न न्यावा जो तिथल्या प्रत्येक बैठकीत आधी सोडवला गेला, की हे कोणाचं असणार आणि पैसा कुठे राहणार.

बेटाने नंतर नवीन लक्ष्य घेतलं, २०३० पर्यंत जीवाश्म इंधन पूर्ण बंद, यावेळी भरपाईचा हिशोब नाही, खरोखर बंद. त्यात सगळ्यात मोठा अडथळा बोटीचा. मुख्य भूमीकडे जाणाऱ्या एका मार्गाची फेरी पालिकेने स्वतःच चालवायला घेतली आणि २०१५ ला त्यावर नवी बोट आणली, ती डिझेलऐवजी द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी. कल्पना अशी होती की बेटावरच्या शेणापासून आणि शेतीच्या कचऱ्यापासून बायोगॅस करायचा आणि पुढे तोच बोटीत भरायचा. बोट आली, बायोगॅसचा प्लांट मात्र मागे राहिला. त्यामुळे बोट पालिकेची, म्हणजे बेटावरच्या सगळ्यांची, पण तिच्या टाकीतलं इंधन अजून बाहेरून विकत आणलेलं, अशी ती बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये ये-जा करायला लागली.